इतर-तीनचा मालक

जावातल्या क्लातेनच्या इस्पितळात तुकिरान यांना छत्तीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला चार दिवस उरले होते. नेमका तेव्हाच वरच्या ऑफिसला शोध लागला, की आपल्याकडे माहिती रग्गड आहे, पण ती कशाची आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

एका संस्थेची चौदा इस्पितळं आणि संगणकात सहा हजार दोनशे बारा रकाने. कुणी कधी काढले, कशासाठी काढले, देव जाणे. त्यावर उपाय म्हणून सेमारांगच्या मुख्य ऑफिसातून म्बाक त्यूर्मा आली. म्बाक म्हणजे ताई. तिला प्रत्येक रकान्याची कुंडली मांडायची होती. रकान्याचा अर्थ, त्याचा मालक आणि एक खरं उदाहरण, एवढं लिहिलं की झालं. या कुंडल्यांच्या ढिगाला वर मेटाडेटा भांडार म्हणत. ज्याचा अर्थ आणि मालक सापडणार नाही, तो रकाना शुक्रवारी पुसून टाकायचा होता.

सोमवारी ती नोंदणी विभागात आली. तुकिरान विभागाचे प्रमुख, म्हणून तिने लॅपटॉप त्यांच्याच टेबलावर मांडला आणि त्यांचा चहाचा पेला बाजूला सरकवला. तुकिरान यांना ते आवडलं नाही.

"बापाक, हा 'इतर-तीन' काय प्रकार आहे?" बापाला आणि कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला तिकडे बापाक म्हणतात.

"इतर."

"ते दिसतंय. पण यात एक्केचाळीस हजार तीनशे सहा नावं आहेत. नवऱ्याची आहेत का? सासऱ्याची?"

"नाही."

"मग कुणाची?"

"पेशंटचीच."

"पेशंटचं नाव पहिल्या रकान्यात असतंच की. मग हा कचरा झाला. इतर-एक आणि इतर-दोनवर मी सकाळीच पुसायची खूण केली. एकात तर कुणीतरी मंगळवारी जेवायला काय आहे ते लिहून ठेवलं होतं."

"त्याचं मला काही नाही," तुकिरान म्हणाले. "इतर-तीन राहू द्या."

"मग अर्थ सांगा."

तुकिरान यांनी पेला जवळ ओढून घेतला. चहा थंड झाला होता.

जावाच्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं. पण म्बाक त्यूर्मा पडली उत्तर सुमात्राच्या बाताक जमातीची, आणि तिच्याकडे आडनाव सात पिढ्यांचं असलं तरी ते कुणाला जड होत नाही. इकडे पोर सारखं आजारी पडू लागलं, अंग धरेना, की म्हातारी माणसं म्हणतात, नाव जड झालं. मग घरी लाल-पांढरी खीर करतात, शेजारपाजाऱ्यांना बोलावतात आणि पोराला नवं, हलकं नाव देतात. पोर सुधारतं किंवा नाही सुधारत. पण जुनं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही, नाहीतर आजार हाक ऐकून परत येतो. निदान तुकिरान यांच्या गावात तरी हा नियम पक्का होता.

आता इस्पितळाची पंचाईत बघा. आई नवं नाव घेऊन नोंदणीच्या खिडकीशी येई. नव्या नावाची नवी फाइल निघे, आणि जुनी फाइल जुन्या नावाखाली पडून राही. दोन्ही जोडायच्या तर जुनं नाव कुठेतरी लिहायलाच हवं. पण पडद्यावर 'जुनं नाव' असा रकाना ठेवला असता, तर खिडकीवरच्या पोरींनी ते अख्ख्या रांगेसमोर खणखणीत आवाजात वाचलं असतं. म्हणून अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुकिरान यांनी जुनं नाव गुपचूप इतर-तीनमध्ये टाकलं. त्याची कागदावर कुठेही नोंद केली नाही. नव्या माणसाला तेवढं कानात सांगायचे, 'इतर-तीन बघत जा.' असं कानोकानी ते चौदाही इस्पितळांत पोचलं, आणि वरच्या ऑफिसला कुणी पत्ता लागू दिला नाही. भल्यासाठी केलेला घोळ होता, पण घोळच.

हे सगळं त्यांनी त्यूर्माला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक आहे. पण खरं उदाहरण लागेल, बापाक. सगळ्यांसमोर पडद्यावर उघडून दाखवायचं. एक पेशंट, त्याची नवी फाइल, जुनी फाइल."

"दुसऱ्याच्या पोराचं नाव मी नाही उघडणार."

"मग स्वतःच्या पोराचं उघडा," ती म्हणाली. तिला काय माहीत.

इतर-तीनमधली पहिली नोंद तुकिरान यांच्या मुलीचीच होती. जन्मली तेव्हा त्यांनी हौसेने तीन शब्दांचं, राजवाड्यात शोभेल असं नाव ठेवलं होतं. चौदाव्या महिन्यात पोर एवढीशी उरली, आणि मग ती सिती वारास झाली. वारास म्हणजे बरी. आज ती शाळेत शिकवते, आणि बापाशी मास्तरणीच्याच आवाजात बोलते.

फोनवर ती म्हणाली, "मला तर ते नाव माहीतही नाही, बापाक. खुशाल लिहा. पण इबूला विचारा."

इबू म्हणजे आई; तुकिरानही बायकोला इबूच म्हणत. आणि अडचण तिथेच होती.

त्यांची बायको पाइनेम अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तुकिरान पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही.

"त्या एक्केचाळीस हजारांतलं दुसरं कुणाचं तरी घ्या."

"ते माझं नाही."

"हे तरी तुमचं एकट्याचं आहे का?"

तुकिरान यांनी पायरीपाशी सांडलेले दाणे वेचून सुपात टाकले.

"ती बरी झाली," पाइनेम म्हणाली. "तिला आता तिकडे परत नेऊ नका. मला भीती वाटते, अजून वाटते."

"मी उच्चारणार नाही. लिहीन फक्त. नाही लिहिलं तर शुक्रवारी सगळ्यांचंच जाईल. त्यांच्याही आया आहेत, इबू."

पाइनेमने दोन खडे वेचून फेकले, सूप उचललं आणि आत गेली. हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही.

गुरुवारी बैठकीला नऊ जण होते. तुकिरान कीबोर्डपुढे बसले आणि एकेक अक्षर दाबत त्यांनी शोधाच्या चौकटीत ते नाव लिहिलं. त्यूर्माने वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नका," ते म्हणाले.

तिने तोंड मिटलं.

जुनी फाइल उघडली. पिवळ्या कागदाचा फोटो होता, वय चौदा महिने, वजन, ताप. आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'पेनिसिलिन दिल्यावर श्वास अडकला. पुन्हा कधीही देऊ नये.'

"आता नवी फाइल," त्यूर्मा म्हणाली.

सिती वारासची नवी फाइल उघडली. 'कोणतं औषध चालत नाही' हा रकाना रिकामा होता.

तुकिरान पडद्याकडे बघत राहिले. आपण जुनं नाव लिहून ठेवलंय, ज्याला हवं तो तिथे बघेल, या भरवशावर ते अठ्ठावीस वर्षं होते. दुसऱ्यांच्या पोरांच्या फाइली जपता जपता स्वतःच्या पोरीची एक ओळ उतरवायची राहिली होती. तीन वर्षांपूर्वी याच इस्पितळात तिचं बाळंतपण झालं. त्या दिवशी ती शुद्धीवर होती, विचारल्यावर पेनिसिलिन चालत नाही हे घरी ऐकलेलं तिने स्वतः सांगितलं, म्हणून निभावलं. त्यांनी कीबोर्ड त्यूर्माकडे सरकवला.

त्यूर्माने आधी तो रिकामा रकाना भरला. मग इतर-तीनवरची पुसायची खूण काढली, आणि एक्केचाळीस हजार जुन्या फाइली तपासायचं काम यादीत घातलं. मालक म्हणून नोंदणी विभागाचं नाव लिहिलं.

"अर्थ काय लिहू? 'पूर्वीचं नाव'?"

"तसं लिहिलंत तर उद्या खिडकीवर ओरडून वाचतील."

बराच वेळ खल झाला. शेवटी भांडारात इतर-तीनपुढे अर्थ लिहिला गेला तो असा: 'जुनी फाइल शोधण्यासाठी पाहावे. मोठ्याने वाचू नये.' सहा हजार रकान्यांत एवढा सरळ अर्थ दुसऱ्या कुठल्याच रकान्याचा नव्हता.

घरी आले तर स्वयंपाकघरात लाल-पांढऱ्या खिरीच्या वाट्या मांडलेल्या होत्या. शेजारच्या चार घरांना देऊन झाल्या होत्या. पाइनेमने एक वाटी त्यांच्यापुढे सरकवली. अर्धी वाटी संपल्यावर त्यांनी रिकाम्या रकान्याचं सांगितलं. तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं.

मग म्हणाली, "वजन किती लिहिलंय जुन्या फाइलीत?"

"सहा किलो तीनशे."

"सहा दोनशे. शंभर ग्रॅम दुपट्याचं होतं. मी त्या नर्सला तेव्हाच सांगितलं होतं, दुपटं काढून वजन करा. तिने ऐकलं नाही."

तुकिरान यांनी खिशातलं पेन काढलं. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशीच्या कामांच्या यादीत त्यांनी सगळ्यात वर लिहिलं: सहा किलो दोनशे.