संत्र्यांचं पाणी

यंदा हिवाळ्यातली बागकामं माझ्या अंगावर पडली. दिवाळीच्या तोंडावर नवरा गेला आणि संग्रामपुरातल्या आमच्या घरामागचा तुकडा, गुलाब, वाफे, चार संत्र्यांची झाडं, सगळं जिथल्या तिथे राहिलं. दुःख झालं असेलच, पण मला ते कळत नव्हतं. हात रिकामे दिसले की लोक सांत्वनाला येऊन बसायचे आणि मला त्याचा वैताग यायचा. म्हणून मी बागेत जायचे. हातात कात्री असली की कुणी फारसं जवळ येत नाही.

गुलाब छाटले. जरा जास्तच छाटले, नुसते खुंट उरले. थंडी लागू नये म्हणून वांग्याच्या रोपांवर जुनी लुगडी पांघरवली. मेथी पेरली, खुडली, भाजी केली, खाल्ली. चव लागली नाही.

संत्र्यांचं काम मात्र काही न करण्याचं होतं. आमच्याकडे थंडीत संत्र्यांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड मरायला टेकलंय असं वाटतं. मग जानेवारीत खत-पाणी दिलं की फुलांनी लगडतं. मध्येच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते आणि त्या वर्षाचा बहार जातो. ही झाडं ह्यांनी स्वतः लावलेली. झाड अजून लहान आहे म्हणत दरवर्षी कळ्या खुडून टाकायचे. यंदा पहिला बहार धरायचा, हे पावसाळ्यातच घरभर सांगून ठेवलं होतं. तेवढं एक मला पार पाडायचं होतं. बाकी कशातच मन नव्हतं.

डिसेंबर सरता सरता कडेच्या झाडावर मला कोवळी पालवी दिसली. बुंध्याशी माती ओली होती. शेजाऱ्यांच्या मोरीचं पाणी इकडे आलं असणार म्हणून मी त्यांच्याशी कडाकडा भांडून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कशाचा तरी राग आला होता. खरं सांगते, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मागच्या दारी गेले, तर सासूबाई अर्धी बादली दोन्ही हातांनी ओढत झाडांकडे चालल्या होत्या. लुगड्याचा काठ भिजलेला. त्यांचं माहेरच संत्र्यांच्या बागेतलं. ताण म्हणजे काय, हे लग्नानंतर त्यांनीच मला शिकवलं होतं.

"आई, हे काय करून राह्यल्या? ताण तुटला ना!"

"तुटू दे."

"त्याइचा पहिला बहार होता हा."

"मले माहीत आहे वं."

मी त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. त्या तिथेच आळ्याच्या कडेला बसल्या.

"त्या रात्री तू औषधी आनाले गेल्ती," त्या म्हणाल्या. "त्यानं मले पानी मांगलं. डाक्टरनं नाही म्हणलं होतं, मंग म्या नाही देल्लं. सकाळी देतो म्हणलं. मंग त्यानं पुन्हा नाही मांगलं."

हे पहाटेच्या आधीच गेले होते. माणूस जाताना त्याच्या तोंडात घोटभर पाणी घालतात. ते आईनं घातलं, असं सगळे धरून चालले होते. मीही कधी विचारलं नव्हतं.

"आता हे झाडं रोज सामने सुकून राह्यले," सासूबाई म्हणाल्या. "मले नाही पाहवत."

डॉक्टरांचं बरोबर होतं, तुमची काही चूक नाही, असं म्हणायला हवं होतं. रडूही आलं नाही. तीन झाडांवर अजून पालवी नव्हती, त्यांचा बहार अजून हातचा गेला नव्हता, हा हिशेब मात्र डोक्यात लख्ख होता.

मी नळाला पाइप लावला, त्याचं तोंड त्या तिन्हींतल्या पहिल्या झाडाच्या आळ्यात ठेवलं आणि तोटी पूर्ण उघडली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकेका आळ्यात पाइप फिरवत, चारही आळी काठोकाठ भरेपर्यंत मी तोटी बंद केली नाही.