खोकल्याचा खण

त्यांना सगळे काटकोन म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं. चाळीस वर्षं सुतारकी केली, पण गुण्या लावून कोपरा तपासल्याशिवाय एक खिळा ठोकला नाही. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, तर भरला हात धुऊन आधी ते सरळ करणार, मग पुढचा घास. माणूस वाईट नाही हो, पण अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोला विचारायला हवं होतं. ती बिचारी चार वर्षांपूर्वी गेली. जाताना म्हणाली, "चादरीच्या घड्या तुम्हीच घाला, माझ्या कधी तुम्हाला पटल्या नाहीत." दोघंही हसले होते.

काटकोनांचा अभिमान एकच, त्यांचे खण. टेबलाचा असो, कपाटाचा असो, खण आत ढकलला की वारा बाहेर पडताना उसासा ऐकू यायचा. खणाच्या चारी बाजूंना फट अशी नाहीच. गिऱ्हाइकाला काम देताना खिशातून बसचं जुनं तिकीट काढायचे आणि म्हणायचे, "घाला हे फटीत. गेलं तर खण परत नेतो." चाळीस वर्षांत एकही खण परत आला नाही. गावची हवाही अशी कोरडी की अंघोळीनंतर वाळत घातलेला टॉवेल चहा होईस्तोवर कडक. पाऊस यायचा तो वर्षातून दहाबारा दिवस, तोही तोंड दाखवून निघून जायचा.

गेल्या वर्षी कारखान्यात ते शिडीवरून पडले. सकाळी दहाला पडले आणि चार वाजेपर्यंत तिथेच भुशात पडून राहिले. शेजारी करवत मागायला आला, म्हणून कळलं. पाय नुसता मुरगळला होता, पण दूरच्या राज्यात समुद्रकाठी राहणाऱ्या लेकीला ही बातमी लागली. ती फोनवर ओरडली असती तर काटकोनांनी परतफेड केली असती, त्यात ते पटाईत. पण ती ओरडली नाही, रडली. म्हणाली, "बाबा, सहा तास? सहा तास तुम्ही एकटे पडून होतात?"

म्हणून ते गेले. पण अट घालून. "महिनाभर बघतो. जमलं तर जमलं, नाही तर मी आपला परत." मोबाइलवरच्या तिकिटावर त्यांचा विश्वास नव्हता. स्टेशनच्या खिडकीवर रांगेत उभं राहून परतीचं जाड कागदाचं तिकीट काढलं आणि पाकिटात ठेवलं. लेकीने ते पाहिलं. रोज त्या पाकिटाकडे तिची नजर जायची.

सामान काय नेलं? दोन पिशव्या कपडे आणि एक टेम्पो लाकूड. बारा वर्षं माळ्यावर वाळवलेलं सागवान. तिकडचं लाकूड कसलं असेल, कुणी कापलं असेल, भरवसा काय! जावई अबोल माणूस, दिवसाला मोजून वीसेक शब्द बोलणारा. त्याने मुकाट्याने फळ्या तीन जिने वर चढवल्या आणि गॅलरी रिकामी करून दिली.

आणि मग ती हवा! पहिल्या दिवशी काटकोनांनी तीन सदरे बदलले. चौथा घातला तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे. इथे घाम पुसायचा नसतो, तो येतच राहतो." टॉवेल वाळेना. मिठाच्या डबीतून मीठ पडेना, ती आपटून आपटून जेवण गार व्हायचं. बिस्किटाचा पुडा सकाळी फोडला की दुपारी बिस्किटं वाकायची, मोडायची नाहीत. कपाटात ठेवलेल्या चामडी चपलांवर आठव्या दिवशी हिरवी लव आली. काटकोन चपला हातात धरून लेकीसमोर उभे राहिले. "हे बघ, उगवलंय! अजून आठ दिवस ठेवल्या तर भाजीला होईल."

सगळ्यात जिव्हारी लागलं ते रंध्याचं. तीस वर्षं वापरलेल्या रंध्याच्या पात्याला एका रात्रीत तांबडा गंज. त्यांनी ते पातं घासून काढलं, तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि उशाशी घेऊन झोपले. लेक हे पाहून गालातल्या गालात हसली खरी. माणूस रमायची लक्षणं नव्हती ही.

दहाव्या दिवशी काम चालून आलं. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. चालवणाऱ्या बाई ठसठशीत, आवाज असा की फुटपाथवरच्या माणसाला गोळी कधी घ्यायची ते आतूनच सांगायच्या. त्यांना चोवीस खणांचं कपाट हवं होतं. काटकोनांच्या अंगात जणू वीज आली. गॅलरीत बारा वर्षं वाळलेलं सागवान हजर होतं. सहा दिवस रंधा चालला, सातव्या दिवशी कपाट दुकानात. त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. "घाला फटीत." बाईंनी वरून, खालून, बाजूने प्रयत्न केला. नाही गेलं. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मानलं तुम्हाला!" प्रत्येक खणावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. ताप, पोट, खोकला, मलमं, पट्ट्या. त्या रात्री काटकोन चार पोळ्या जेवले आणि रंध्याचं पातं उशाशी न घेताच झोपले.

चार दिवसांनी सकाळी दुकानातून निरोप आला. लगेच या.

काटकोन गेले तर काय दृश्य! बाईंनी एक पाय कपाटाला लावलेला, दोन्ही हातांनी खणाची मूठ ओढताहेत, आणि समोर एक गृहस्थ खोकत उभे. "पोट उघडतं, मिस्त्री, पण खोकला काही केल्या उघडत नाही! ताप तर कालपासून बंद आहे!" खोकणारे गृहस्थ खोकता खोकता हसायला लागले आणि हसता हसता जास्त खोकायला लागले. बाईंनी जोर लावला. मूठ हातात आली, खण तिथेच.

चोवीसपैकी सतरा खण फुगून बसले होते. काटकोनांनी कपाट भिंतीपासून ओढलं, मागची फळी उघडली आणि मागून ठोकून ठोकून एकेक खण बाहेर काढला. कुणी दोष दिला नाही. बाईंनी तर चहासुद्धा मागवला. पण काटकोनांना चहा गेला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा खण परत आला होता, एक नाही, सतरा.

जेवताना त्यांनी सांगून टाकलं. "पुढच्या आठवड्यात तिकीट आहेच. मी जातो. सतरा खण तासून देतो आणि जातो. या हवेत माझा हात चालत नाही."

लेक ताटावरून उठली नाही, पण घासही घेतला नाही. "शिडी आहे का अजून कारखान्यात?" तिने विचारलं.

"आहे."

"बरं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते खण तासायला गेले, तर औषधवाल्या बाईंनी त्यांना ऐकवलं. "तासता म्हणजे काय, उद्या पुन्हा फुगतील! आधी जाऊन खाडीवरच्या होडीवाल्याला भेटा. लाकूड आणि पाणी यांचं भांडण तो रोज सोडवतो." काटकोनांना राग आला. आपण आता होडीवाल्याकडे शिकायला जायचं? पण बाईंपुढे बोलायची कुणाची टाप!

होडीवाला त्यांच्याच वयाचा, अंगाने सुका, उघड्या शेडमध्ये अर्धवट होडीच्या पोटात बसून काम करत होता. काटकोनांनी सगळी कहाणी सांगितली. त्याने हातातली पटाशी खाली ठेवली.

"फळ्या कुठल्या?"

"गावाकडच्या. बारा वर्षं वाळवलेल्या."

"आणि इथे आणून किती दिवस ठेवल्यात?"

"ठेवायच्या कशाला? काम आलं, त्याच दिवशी रंधा लावला. त्याआधी आठदहा दिवस होत्या पडून, पण प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून."

होडीवाला इतका हसला की होडी हलली. "अहो, प्लॅस्टिकमध्ये! बारा वर्षांची तहानलेली फळी तुम्ही तोंड बांधून ठेवलीत आणि मग खण करून दुकानात सोडलीत. ती पिणार नाही तर काय करेल?" मग त्याने शेडच्या मागे नेऊन दाखवलं. फळ्या एकीवर एक रचलेल्या, मध्ये पट्ट्या घालून, चारी बाजूंनी वारा लागेल अशा. प्रत्येकीवर पेन्सिलने तारीख. "बाहेरचं लाकूड आलं की महिना दीड महिना असं उघडं ठेवायचं. त्याला इथली हवा खाऊ द्यायची. प्यायचं तेवढं पिऊन झालं, फुगायचं तेवढं फुगून झालं, की मग करवत."

"आणि फट?"

"ठेवायची. हवा वर्षभर सारखी नसते. लाकडाला हलायला जागा नको?"

"फट म्हणजे कामातला कमीपणा," काटकोन म्हणाले.

"तुमच्याकडे असेल. आमचं तर लाकूड फुगून सांधे बुजले नाहीत तर आम्ही बुडतो." होडीवाल्याने पुन्हा पटाशी उचलली. "तुमचं काम वाईट नाही हो, मिस्त्री. मी पाहिलं ते कपाट, खोकल्याच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो तेव्हा. इतकं सरळ काम या गावात कुणाचं नाही. फक्त घाई झाली."

रात्री जेवताना काटकोनांनी हे सगळं घरी सांगितलं. होडीवाल्याची नक्कल करून सांगितलं, कारण तो माणूस त्यांना आवडला होता, जरी ते कबूल करणार नव्हते. "महिना दीड महिना म्हणे! लाकडाला! नुसतं पडून राहायचं आणि हवा खायची!"

तेव्हा जावई बोलला. मिठाची डबी आपटायचं थांबवून, अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला येऊन किती दिवस झाले?"

काटकोनांनी बोटं मोजली. "एकवीस."

"हं," जावई म्हणाला आणि भात कालवायला लागला. त्याचे त्या दिवसाचे शब्द बहुतेक संपले होते.

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या माणसाचा असा अभिमान तिला पूर्वी कधी वाटला नव्हता. काटकोन ताटाकडे बघत म्हणाले, "मी काय लाकूड आहे?" ते बराच वेळ वरणात चमचा फिरवत राहिले.

सकाळी लेक उठली तेव्हा गॅलरीत खुडबुड चालली होती. उरलेल्या फळ्यांचं प्लॅस्टिक फाडून टाकलेलं होतं. काटकोन एकेक फळी पट्ट्यांवर रचत होते, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारखंच अंतर, गुण्या लावून. लेकीला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. पुढच्या गुरुवारचं तिकीट होतं. माणूस जाण्याआधी सामान आवरून ठेवतो तसंही असू शकतं, असं तिने मनाला बजावलं आणि कामावर गेली.

त्यानंतर दोन दिवस काटकोन दुकानात मुक्काम ठोकून होते. गिऱ्हाइकांना मजाच झाली. "मिस्त्री, पोटाचं ऑपरेशन झालं का?" "झालं, आता तापाला घेतलंय." बाई हसून हसून बेजार. खोकणारे गृहस्थ बरे झाले होते, तरी रोज चौकशीला येऊन बसायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक कामावरून परतताना दुकानात डोकावली. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. समोर खोकल्याचा खण. ते तो कपाटात सरकवायचे, चारी बाजूंनी फटीत कागदाची एकेक पट्टी घालून बघायचे, पुन्हा बाहेर काढायचे, रंधा मारायचे, पुन्हा सरकवायचे. शेवटी चारही पट्ट्या हलक्या हाताने आत गेल्या आणि हलक्या हाताने बाहेर आल्या.

"बघा!" ते बाईंना म्हणाले. "चारी बाजूंना सारखी. फट ठेवायची तर ती तरी सरळ हवी!"

लेक खाली वाकली. पट्ट्या जाड कागदाच्या होत्या, उभ्या कापलेल्या. एकीवर गाडीचा नंबर होता. दुसरीवर डब्याचा. तिसरी तिने उचलली आणि तिचा हात थांबला. तिच्यावर गुरुवारची तारीख होती.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, हे तुमचं तिकीट कापलंत तुम्ही?"

"मग काय करू? बसचं पातळ पडतं, या हवेला त्याची फट पुरत नाही. हे बरोबर जाडीचं निघालं." काटकोनांनी तिच्या हातून पट्टी काढून घेतली आणि पुढच्या खणाला लावली. "आणि एका तुकड्यात कसं भागणार? खणाला बाजू चार असतात. रडतेस काय, पंखा माझ्याकडे वळव."