झडप निवडताना मी झाकलेली बाजू

गोंदियाच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाची एको तपासणी संपवली, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा एऑर्टिक व्हॉल्व्ह बायकस्पिड आहे आणि आता सिव्हिअर स्टेनोसिस झाला आहे. व्हॉल्व्ह बदलावा लागेल. लांबवू नका."

हृदयातून शरीराकडे रक्त जाते, त्या वाटेवर तीन पाकळ्यांची एक झडप असते. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच पाकळ्या होत्या. त्या कडक होत गेल्या आणि वाट अरुंद झाली. बायकस्पिड आणि स्टेनोसिस या शब्दांचा अर्थ एवढाच. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि सौंदडजवळच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. जिना चढताना लागणारी धाप मी खडूच्या धुळीवर ढकलली होती, प्रार्थनेच्या वेळची भोवळ उपाशीपोटी येण्यावर. आपण असे करू नये.

नागपूरच्या सर्जनांची पहिली भेट मी एकटीनेच घेतली. माझ्या पतींचे कोहमाऱ्याला गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. सात वर्षांची रेवा सासूबाईंजवळ होती. सर्जनांनी शांतपणे पर्याय मांडले, ते इथे क्रमाने देते.

पहिला, मेकॅनिकल व्हॉल्व्ह. ही कृत्रिम झडप बहुधा जन्मभर टिकते. मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कायम घ्यावी लागते आणि आयएनआर ही तपासणी नियमित करावी लागते. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते या तपासणीवरून समजते. गरोदरपणात ही गोळी बाळाला अपाय करू शकते आणि थांबवली तर आईला धोका असतो. दुसरा, टिश्यू व्हॉल्व्ह. ही झडप प्राण्याच्या ऊतींपासून तयार करतात. ती घेतल्यावर बहुतेकांना ही गोळी कायमची लागत नाही, पण झडप झिजते, आणि तरुण शरीरात लवकर झिजते. म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. तिसरा, रॉस प्रोसिजर. यात रुग्णाचीच फुप्फुसाकडची झडप काढून एऑर्टिक जागी बसवतात आणि तिच्या जागी दात्याची झडप लावतात. तरुणांसाठी हा चांगला पर्याय असू शकतो. परंतु तो करणारे सर्जन मोजके आहेत, आणि माझी महाधमनी मुळाशी रुंदावलेली असल्याने त्यांनी तो सुचवला नाही.

घरी आल्यावर मी हे पती आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात बसून समजावले. मेकॅनिकल झडपेचे तोटे एकेक करून सांगितले. टिश्यू झडपेबद्दल "गोळीची कटकट नाही आणि पुष्कळ वर्षे टिकते" एवढेच बोलले. झिजण्याचा उल्लेख केला नाही. वर्गात दोन्ही बाजू सारख्या मांडायचा आग्रह धरणारी मी, घरात एक बाजू झाकून बसले. कारण मला दुसरे मूल हवे होते आणि ते मी कोणालाही सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या भेटीला पती आणि सासूबाई सोबत आले. पायातून नळी घालून बसवायची झडप का नको, असे सासूबाईंनी विचारले. सर्जन म्हणाले, "माँजी, ती मुख्यतः वयस्कांसाठी. इतक्या तरुण रुग्णात ती किती वर्षे टिकेल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही." मग ते माझ्या पतींकडे वळले. "टिश्यू घेतली तर दुसरी शस्त्रक्रिया होणार, हे मॅडमनी सांगितलं ना? मुलगी केवढी आहे?"

"सात वर्षांची," पती म्हणाले.

"मग बहुतेक ती कॉलेजात असेल, तेव्हा."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. सासूबाईंनी तोंड उघडले. "काऊन वं, दोनदा छाती फाडून घ्याची हौस आहे का तुले? एकडाव बसव नं टिकाऊ."

"मला अजून एक मूल पाहिजे," मी म्हणाले.

"मी मांगलं का कधी? एक पोरगी आहे, तिले माय पाहिजे. अन् तुले पाहिजे होतं तं तसं सांगाचं. फायदे काऊन सांगून राहिली होती मास्तरणीवानी?"

पती एवढेच म्हणाले, "जे ठरवशील त्याले माझं हो आहे. पण अर्धं नको सांगू."

मी टिश्यू झडपच निवडली, या वेळी सर्वांना सगळे माहीत असताना. तरी अपराधी भावना गेली नाही. जे मूल अजून जन्मालाही आले नव्हते, त्याच्यासाठी मी असलेल्या मुलीच्या वाट्याला पुन्हा एकदा दवाखान्याचा दरवाजा ठेवला होता.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. अतिदक्षता विभागात खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला शिकवतात. ते मनापासून करावे, म्हणजे टाके फार दुखत नाहीत. सासूबाई रात्रंदिवस वॉर्डात राहिल्या आणि त्या बाकावरचे बोलणे त्यांनी पुन्हा कधीच काढले नाही. त्यांचे ते न बोलणे मला टाक्यांहून जड गेले. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालू शकते, म्हणून रेवाचाही एको केला. तिच्या झडपेला तीन पाकळ्या आहेत. अहवाल हातात आला तेव्हा मी तो दवाखान्याच्या पायरीवरच दोनदा वाचला.

आज दोन वर्षे झाली. डॉक्टरांनी गरोदरपणाला संमती दिली आहे. मूल झालेले नाही. होईलच असेही नाही. आपल्यापैकी कोणावर ही निवड आली, तर कोणती झडप घ्या हे मी सांगणार नाही. ते वय, शरीर आणि आयुष्य पाहून सर्जनांसोबत ठरवावे. पण आपल्या मनातले खरे कारण आधी सांगावे, आणि ज्यांना पुढे आपल्या खाटेशी उभे राहायचे आहे त्यांना उरलेली बाजूही.

हे लिहायला घेतले तेव्हा ध्यानात आले की एका व्यक्तीला मी अजून काहीच सांगितलेले नाही. गेल्या रविवारी, वेणी घालताना, मी रेवाला सांगितले की ती मोठी होईल तेव्हा मला पुन्हा शस्त्रक्रियेला जावे लागेल.

तिने मान न वळवता विचारले, "मंग तुझ्यापाशी कोण राहीन?"

मी पुढचा पेड घातला.

"मी राहीन," ती म्हणाली. "आजीले नको नेऊ. ते लय घोरते, सगळा वॉर्ड जागा करीन."

मी हो म्हणाले, आणि तिची वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.