वाकड्या बिजाची पिशवी

ताईला शेवटची भेटले ती यवतमाळच्या दवाखान्यात. नाकात नळी, हाताला सुई, आणि मला पाहताच पहिला प्रश्न काय, तर "वाकड्याचं बी आनलं का वं?" त्या उन्हाळ्यात तिला जाता आलं नव्हतं, म्हणून मी एकटीच बेटावर जाऊन आले होते. म्हटलं, "आनलं. तुह्या दाराच्या मागं खुंटीले टांगलं." मग कुठे तिने डोळे मिटले... त्याच आठवड्यात ती गेली.

नलू, माझी थोरली बहीण. दिग्रसला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. आमच्याकडे धरण भरलं तेव्हा एक टेकडी पाण्यात अडकून तिचं बेट झालं आणि त्यावर बिजाची, म्हणजे बिबळ्याची, मोजकी झाडं उरली. काठावरचा बिजा लोकांनी साखरेच्या बिमारीवर रात्रभर पाणी ठेवून प्यायला लाकडाचे पेले करून कधीच संपवला होता. निवृत्त झाल्यावर ताई दर उन्हाळ्यात डोंग्यातून त्या बेटावर जायची, पापडासारख्या चपट्या शेंगा गोळा करायला, आणि मला सोबत फरफटत न्यायची. प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या पिशवीत. पिशव्या तिच्याच जुन्या साड्यांच्या, ज्या झाडाला जो काठ दिला तो कायमचा. उत्तरेकडच्या खडकावर एक वाकडंतिकडं झाड होतं, त्याचा हिरवा काठ.

आपल्याकडे ज्वारीचं बियाणं धरायचं तर सगळ्यांत भरदार कणीस निवडतात. काठावर पुन्हा बिजा लावायला निघालेल्या रोपवाटिकेच्या समितीनेही तेच केलं. बेटाच्या धक्क्याजवळचं सरळसोट झाड धरलं आणि वर्षानुवर्षं त्या एकाचीच रोपं वाटली. ताई भर सभेत उभी राहून म्हणाली होती, "एका कुळात सोयरीक लावते का कोनी? मंग झाडायची काहून लावून राह्यले? सारे एकाच मायचे लेकरं. एक रोग आला का सारे संगंच जातीन!" अध्यक्ष हसले. "मॅडम, वाकड्याचं बी वाकडंच निघन नं!" सभाही हसली. पावसाने दगा दिला की हे सरळसोट साहेब आधी पानं टाकायचे आणि खडकावरचं वाकडं मूठभर मातीत हिरवंगार राहायचं, हे ताईने किती वेळा सांगितलं असेल... पण ऐकतो कोण?

ती गेल्यावर मात्र सगळ्यांना तिच्या प्रेमाचं भरतं आलं. महिन्याभरातच बेटावर तिच्या नावाचं स्मृतिवन. मांडव, भोंगा, हार घातलेला फोटो आणि प्रत्येकाच्या हातात त्याच एका झाडाचं रोप. मला किळस आली. मग अध्यक्षांनी शाल घालून हातात स्मृतिचिन्ह ठेवलं. बिजाच्या लाकडाचा पेला! "ताईंच्या बेटाचंच लाकूड आहे," ते माईकवर कौतुकाने म्हणाले. "स्मृतिवनासाठी उत्तरेची जागा साफ केली नं, त्यातलं. वाया नाही जाऊ दिलं."

मी तशीच उठून खडकाकडे गेले. वाकड्याच्या तोडलेल्या बुंध्यावर सिमेंट ओतून ताईच्या नावाचं बाकडं बसवलं होतं. कडेने लाल चीक ओघळून वाळला होता. मागे भोंग्यावर वृक्षमाता, वृक्षमाता चाललंच होतं. शी! माझ्या बहिणीच्या नावाने तिचंच झाड तोडायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या! परत येऊन मी पेला अध्यक्षांच्या पुढ्यात आपटला. "हा तुमीच ठेवा. याच्यातलं पानी माह्या घशाखाली उतरनार नाई." ते बिचारे खरंच गोंधळले. आपण काय केलं हे त्यांना आजही कळलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच येते.

परवा त्यांचा फोन आला. ताईंच्या पिशव्या काचेच्या कपाटात मांडायच्या आहेत म्हणे. मी फोन ठेवून दिला.

हिरव्या काठाच्या पिशवीतल्या शेंगा मी ताईच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांत लावल्या आहेत. आधीच्या वर्षांचं, समितीने न घेतलेलं बी पडून पडून कधीच मेलं; त्या झाडाचं जगात आता तेवढंच उरलंय. अजून एकही उगवलेली नाही. रोज सकाळी पाणी घालते आणि घालता घालता अध्यक्षांना शिव्या देते, अगदी ताईच्या आवाजात. उगवलंच, तरी त्याला शेंगा धरेपर्यंत मी काही नसणार... पिशवी मात्र धुऊन, वाळवून पुन्हा त्याच खुंटीला टांगली आहे.