गेरूचं बोट लागलेला लोंगर

२००३ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही भातलावणी आली की बंद. पण वाडीतली केळी, विहिरीचं पाणी आणि माझा शब्द, या तिन्हींत मी कुणाला बोट घालू दिलं नाही.

त्या साली माझी एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सातवा महिना संपत आला होता. रिक्षातून उतरली ती कपड्यांची एक बॅग आणि कॉम्प्युटरचे दोन खोके घेऊन. मुंबईच्या कंपनीत होती. हातातलं काम संपवून मगच रजा घ्यायची, म्हणून साहेबाने मशीनच घरी दिलं होतं. मी ते ओटीवर खिडकीपाशी लावून दिलं. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी एकटा. वरण-भात आणि कोलंबीचं कालवण एवढं मला येत होतं, तेवढ्यावर माहेर चालवायचं ठरवलं.

ती दिवसभर खुर्चीत. पाय सुजलेले. जेवण समोर गार व्हायचं. एकदा मी म्हटलं, "असं कोनतं काम आहे गो, जे पोरापेक्षा मोठं?"

"मोठं नाही बाबा. अडलंय."

"मग सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मला कळेल की नाही याचा विचार करत असावी. मला ते आवडलं नाही, तसा मी तिथेच पाटावर बसलो. आता सांगितल्याशिवाय उठणार नव्हतो.

मग तिने सांगितलं. कॉम्प्युटरचा एक आतला गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. डिस्कवरच्या फायलीला हात लावायचा तो त्यानेच. एखादी फाईल दुसऱ्या मशीनला पाठवायची झाली, तर कर्नेल ती आधी आपल्या जागेत आणतं. तिथून तिची नक्कल काढून वरच्या प्रोग्रामला देतं. प्रोग्राम तिच्याकडे बघतही नाही, परत कर्नेलच्याच हातात ठेवतो. म्हणजे पुन्हा एक नक्कल. मग ती तारेतून बाहेर जाते.

"म्हंजे वाडीतला केळीचा लोंगर सैपाकघरात न्यायचा, आनि परत वाडीत आनून टेंपोत घालायचा."

"तसंच. मी म्हणते, वर नेऊच नका. आतल्या आत नुसतं सांगायचं, माल मेमरीच्या अमक्या पानावर ठेवलाय, तिथूनच उचला."

"मग अडलं कुठं?"

"कधीकधी पोचलेला माल वेगळाच निघतो."

पुढचं तिने सांगितलं नाही. जेवली मात्र.

त्याच आठवड्यात रविवारी बोळिंजहून विहीणबाई आल्या. मूळच्या देशावरच्या, बोलणं एकदम सरळ. सुनेचे पाय बघितले, माझ्या चुलीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "भाऊ, मी हिला घेऊन जाते. पुढच्या रविवारी रिक्षा आणते."

"पहिलं बाळंतपन माहेरीच होतं, विहीणबाई. आमच्यात बदल नाय."

"माहेर म्हणजे आई हो. रात्रीबेरात्री पोट दुखलं तर तुम्ही काय करणार? घरात बाईमाणूस कुठाय?"

बोलण्यात अडलो की मी माणसाला वाडीत नेतो. त्यांना नेलं आणि म्हटलं, "यातला कुठला पन लोंगर दाखवा, आत्ता कापून देतो."

त्यांनी बरोब्बर विहिरीकडचा दाखवला. सगळ्यांत भरलेला, आणि दांड्यावर गेरूचं बोट लागलेला. आमच्याकडे व्यापारी येऊन झाडावरचा लोंगर पसंत करतो आणि गेरूचं बोट लावून जातो. लोंगर राहतो झाडालाच, पण त्या घडीपासून माल त्याचा. मग मालकही त्याला कोयता लावत नाही. विहीणबाईंना हे कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. पण 'कुठला पन' म्हणून बसलो होतो. कापला, आणि त्यांच्या रिक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी टेंपो घेऊन आला. वाडीत एक चक्कर मारली आणि ओटीसमोर येऊन उभा राहिला.

"काका, माझं बोट कुठं गेलं?"

"विहिनीकडं."

"बोटासकट?"

"शेजारचा घे ना. तो पन चांगला आहे."

"शेजारच्याला भरायला अजून चार दिवस हवेत. मी काय बघून गेलो, आणि घेऊन काय जाऊ? उद्यापासून बोट लावून इथंच खाट टाकून बसतो मग."

खिडकीतून हसण्याचा आवाज आला. किती तरी दिवसांनी. पोटाला हात लावून हसत होती. व्यापारी पण हसला, चहा प्याला आणि शेजारचा लोंगर घेऊन गेला.

मी आत गेलो तर म्हणाली, "बाबा, माझं हेच होत होतं. कारण काल सापडलं मला, पण तुम्हाला कसं सांगू ते सुचत नव्हतं. मी माल उचलून देत नाही, नुसतं पान दाखवते. तो बाहेर जायच्या आत दुसरंच कुणीतरी येऊन त्या पानावर लिहून जातं."

"मग लिहिनाऱ्याचा हात धर."

"त्याचंही काम थांबवून चालत नाही. त्याला तेवढ्याच पानाची नक्कल काढून द्यायची. तू यावर लिही, म्हणायचं. बोट लागलेलं पान आहे तसं जाऊ दे."

"म्हंजे नक्कल काढावी लागलीच."

"हो. पण लागेल तेव्हाच, आणि लागेल तेवढीच."

दुपारी तिने पोटभर जेवून घेतलं. हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला इथंच राहायचंय. पण भीती वाटते. आई नाहीये ना."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी फिरवायचो तसा, जरा जड हात आहे माझा. ती जाणार बोळिंजला, बारशाला मी तिकडे, मग महिन्याचं पोर घेऊन ती इकडे, पुन्हा तिकडे. सुजल्या पायांनी एवढी ने-आण, का तर या घरात एक बाई नाही. आणि ती बाई असते कुठे, तर बोळिंजला. ती काय चालून येऊ शकत नाही?

मी आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेलेलो नाही. फोन उचलला तेव्हा कान तापले होते.

"विहीणबाई, तिला नेऊ नका. तुमीच इकडं या. पोर होऊन महिना होईपर्यंत राहा."

त्या म्हणाल्या, "सुनेच्या माहेरी सासू राहिलेली कुठं बघितलीत का? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघतो."

"आणि तुमच्या चुलीवर मी रांधायचं? तुमचं ते आंबट कालवण माझ्याच्याने खाववत नाही."

"तुमचं तुमी करा. मला पन द्या वाईच."

त्या हसल्या की खोकल्या, ते फोनवर कळलं नाही. "नातवाला तरी नीट न्हाऊ घालायला हवं कुणी," म्हणाल्या. "येते."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. पुन्हा खुर्चीत जाऊन बसली आणि खटाखट बटणं दाबायला लागली. मी तिच्या पायांखाली पाट सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीतली भाताची पोती एकेक करून पडवीत नेली, जमीन सारवली, आणि सातिवलीला वेल्डिंगवाल्याकडे जाऊन विहीणबाईंसाठी एक लोखंडी खाट बनवून द्यायला सांगून आलो.