प्रेसिडेंटचे बूट

जाड मार्करचा वास आला की मला अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजच्या प्रेसिडेंटचे, म्हणजे प्रमुखांचे, बूट आठवतात. कॉलेजने तेल कंपन्यांत गुंतवलेला निधी काढून घ्यावा, म्हणून आम्ही मुलं त्यांच्या ऑफिसच्या दाराशी धरणं धरून बसलो होतो. आई मॉरिसव्हिलच्या घरून सगळ्यांसाठी थालीपीठं घेऊन आली, तेवढ्यात प्रेसिडेंट बाहेर आले. त्यांचे पांढरे केस बघून आई पुटपुटली, "मोठे आहेत, वाकून नमस्कार कर." मी सवयीने हातातल्या, मार्करने घोषणा लिहिलेल्या बोर्डासकट त्यांच्या बुटांपाशी वाकले. मागच्यांना वाटलं, प्लॅन बदलला. तेही एकेक करून त्यांच्या पाया पडले. गांगरलेले प्रेसिडेंट "गुड लक" म्हणून आत पळाले. पैसे अजूनही तेलातच आहेत. आई मात्र म्हणते, "आशीर्वाद दिलाय ना त्यांनी? होईल मग."