निर्जीवांच्या टोपलीतलं अंडं

खाप्याजवळच्या एका शाळेत मी दुसरीला शिकवायचे. नागपूरहून रोज बसने जाणं-येणं होतं. त्या डिसेंबरात मी वर्गात दोन टोपल्या ठेवल्या, एक सजीवांची आणि एक निर्जीवांची, आणि मुलांना घरून काहीतरी आणायला सांगितलं.

कुणी तुळशीचं रोप आणलं, कुणी चमचा, कुणी नदीतले गोटे. एका मुलीने स्वेटरच्या आत धरून अंडं आणलं. ते उबवणारी कोंबडी पहाटे बोक्याने नेली होती.

"मॅडम, हे कुठं ठेवू?"

"ते हलतं का? काही खातं का?"

"नाही."

"मग निर्जीवात ठेव."

तिने ते गार गोट्यांवर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत ती टोपलीला कान लावून बसलेली दिसली. "आतून ठोकून राहिलं, मॅडम," ती म्हणाली. कवचाला तडा गेला होता. मी अंडं शालीत घेऊन खिचडीच्या चुलीजवळ बसले. शाळा सुटेपर्यंत पिल्लू अर्धं बाहेर आलं आणि तसंच थंड पडलं.

मी तिच्या घरी जाऊन आईला सगळं सांगितलं.

"जाऊ द्या मॅडम," आई म्हणाली. "कोंबडीच नाही राहिली, तर पिल्लाले कोणी पाहिलं असतं?"

मुलगी दाराला टेकून उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. सात वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात, ते मला सुचलं नाही. बस चुकेल म्हणून मी निघाले.